ईश्वरी न्याय, दंड आणि शिक्षा
(गिरगावच्या समुद्रतीरावरील एका जुन्या वादाच्या निमित्ताने)

१

गिरगावच्या चौपाटीवर सायंकाळी फिरावयास जाणाऱ्या मंडळींपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल की, याच समुद्रतीरी १८५७ सालच्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत धर्मवादाच्या जाहीर सभा भरत असत. एका बाजूस विष्णुबावा ब्रह्मचारी, म्हणजे पूर्वाश्रमीचे विष्णु भिकाजी गोखले (१८२५–१८७१). दुसऱ्या बाजूस निरनिराळ्या मिशनांचे पाद्री. आणि भोवती वाळूवर बसलेला श्रोतृसमुदाय. या सभांचा वृत्तान्त जॉर्ज बोएन या अमेरिकन मिशनऱ्याने त्याच वर्षी इंग्रजीत पुस्तकरूपाने छापला व विष्णुबावांच्या पश्चात त्याचा मराठी वृत्तान्तही प्रसिद्ध झाला. आज त्या किनाऱ्याचे रूप पालटले आहे. समोर विल्सन कॉलेजची १८८९ साली बांधलेली इमारत उभी आहे, आणि ज्यांचे नाव ती धारण करते ते डॉ. जॉन विल्सन याच वादपरंपरेतील एक प्रमुख वादी होत, ही गोष्टही लोकांच्या विस्मरणात गेली आहे.

एकोणिसाव्या शतकातील या हिंदु-ख्रिस्ती वादांचे वाङ्मय चाळीत असता एक प्रश्न आमच्या मनात विशेष घर करून राहिला. तो असा : ईश्वर न्यायी आहे आणि दयाळूही आहे असे ख्रिस्ती शास्त्र म्हणते, मग साठसत्तर वर्षांच्या आयुष्यात घडलेल्या पापासाठी तो जीवास अनंत काळ नरकात कसा ठेवील? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी तो बहुधा खंडनार्थ विचारला आणि उत्तर देणाऱ्यांनी तो बहुधा उपहास समजून परतविला. तो खरोखर कोणत्या शब्दांवर उभा आहे, ख्रिस्ती शास्त्रात त्यास काही उत्तर आहे काय, आणि त्या प्रश्नाचे पुढे काय झाले, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. आम्ही आयुष्यभर गिरगावातील एका शाळेत संस्कृत शिकविले. हिब्रू व ग्रीक या भाषांशी आमचा परिचय कोश आणि व्याकरण यांच्या द्वारेच झालेला आहे. तेव्हा येथे आम्ही धर्मनिर्णय करीत नसून केवळ अर्थनिर्णय करीत आहो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

२

प्रथम इतिहास थोडक्यात पाहू. मुंबईत अमेरिकन मिशनरी १८१३ साली आले, आणि त्यांनी केलेले नव्या कराराचे मराठी भाषांतर १८२६ साली छापून पुरे झाले. डॉ. विल्सन १८२९ साली मुंबईस आले. १८३१ साली मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक लिहिले व पुढल्याच वर्षी विल्सनांनी त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. मुंबईत हा वाद मराठीतून चालला असता उत्तर हिंदुस्थानात तोच संस्कृतातून चालू झाला. कंपनी सरकारचे एक मुलकी अधिकारी जॉन म्यूर यांनी १८३९ साली ‘मतपरीक्षा’ नावाचा गुरुशिष्यसंवादात्मक ग्रंथ संस्कृत पद्यात रचला आणि त्यास तीन पंडितांनी संस्कृतातूनच उत्तरे दिली. त्या तिघांपैकी दोघे महाराष्ट्रीय होते, ही आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट होय. एक सोमनाथ ऊर्फ सुबाजी बापू, सिहोर येथील ज्योतिषी. दुसरे काशीचे तरुण पंडित नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५).

नीळकंठशास्त्र्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ १८४४-४५ च्या सुमाराचा आहे, म्हणजे त्या वेळी ग्रंथकर्त्याचे वय अवघे वीस वर्षांचे होते. ईश्वराच्या न्यायाविषयी त्या ग्रंथाचा रोख आमच्या शब्दांत मांडावयाचा तर तो तीन आक्षेपांत येतो. पहिला आक्षेप प्रमाणाचा : परिमित कर्मास अपरिमित फळ हा न्याय नव्हे. दुसरा अज्ञानाचा : ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावही कधी पडले नाही, त्यांस ते न मानल्याचा दोष कसा लावावा? तिसरा वैषम्याचा : पूर्वजन्म मानला नाही, तर एक जीव आंधळा किंवा दरिद्री व दुसरा सुखी असा का जन्मतो, आणि मुक्या जनावरांच्या वाट्यास दुःख का येते? शेवटचा आक्षेप वेदान्ताच्या अभ्यासकांस परिचितच आहे. ब्रह्मसूत्रांनी ईश्वरावर येणाऱ्या वैषम्य व नैर्घृण्य या दोन दोषांचे निवारण त्याची सृष्टी जीवांच्या कर्मास अनुसरून आहे असे सांगूनच केले आहे.

यापुढील घटना विलक्षण आहे. असे कठोर आक्षेप घेणारे नीळकंठशास्त्री १८४८ साली जौनपूर येथे स्वतः ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे या नावाने प्रसिद्धीस आले. तेव्हा हा प्रश्न सुटला म्हणून ते ख्रिस्ती झाले, की प्रश्न बरोबर घेऊन झाले? या मुद्द्याकडे आम्ही लेखाच्या शेवटी येऊ. तत्पूर्वी मूळ शब्दांचा विचार केला पाहिजे. कारण वादी व प्रतिवादी दोघेही ‘न्याय’, ‘दंड’, ‘शिक्षा’ आणि ‘नरक’ हे आपले चार शब्द वापरीत होते, आणि त्या चारही शब्दांस आपापला पूर्वेतिहास आहे.

३

न्याय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे न्यायाधीश, आरोपी आणि शिक्षा असे फौजदारी कचेरीचे चित्र उभे राहते. हिब्रू शास्त्रातील ‘मिश्पाट’ हा शब्द या चित्रात पुरता मावत नाही. तो ‘शाफट’ या धातूपासून झाला आहे, आणि त्या धातूचा अर्थ निवाडा करणे एवढाच नसून राज्य चालविणे, बिघडलेले नीट करणे, गांजलेल्याची सुटका करणे असाही आहे. मराठी बायबलात एका पुस्तकाचे नाव ‘शास्ते’ असे आहे; मूळ नाव याच धातूचे आहे. त्या पुस्तकातील गिदोन, दबोरा इत्यादी पुरुष व स्त्रिया मुख्यतः खटले ऐकणारे नसून परचक्रातून लोकांस सोडविणारे नायक आहेत. भाषांतरकारांनी येथे ‘न्यायाधीश’ न म्हणता शास् धातूचा आश्रय केला, हा त्यांचा विवेक खरोखर वाखाणण्यासारखा आहे.

हा अर्थ ध्यानात धरला म्हणजे स्तोत्रसंहितेतील एक चमत्कार उलगडतो. तेथे ईश्वर पृथ्वीचा न्याय करावयास येतो या वार्तेने समुद्र, नद्या आणि रानातील वृक्ष भयभीत न होता आनंद करतात. न्यायाच्या दिवसाने हर्ष कसा व्हावा? गिरगावातील एखाद्या चाळीतला, हक्क खरा असून वर्षानुवर्षे धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयाचे खेटे घालणारा भाडेकरू याचे उत्तर तत्काळ देईल. निकालाचा दिवस ज्याची बाजू खोटी त्यास भयंकर. ज्याची खरी त्यास तोच एक आशेचा. लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेल्या दृष्टान्तातील विधवा निर्दय न्यायाधीशापाशी दररोज हेच मागते. ती न्याय मागते, म्हणजे कोणाचा छळ मागत नाही. आपले हिरावलेले परत मागते.

आमोस या संदेष्ट्याने मात्र याच आशेची दुसरी बाजू दाखविली. आपण ईश्वराचे लोक, म्हणून त्याचा दिवस आपल्यास प्रकाशाचाच असणार, असे समजणाऱ्या आपल्या देशबांधवांस त्याने बजावले की, गरिबास पायदळी तुडविणाऱ्यांस तो दिवस अंधाराचाच होईल, मग त्यांचे उत्सव व यज्ञ कितीही थाटाचे असोत. हा न्याय परधर्मीयांवर रोखलेला नसून प्रथम स्वतःच्या घरावर रोखलेला आहे. वादाच्या आवेशात ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या दृष्टीआड झालेली दिसते.

याहून महत्त्वाचा प्रसंग उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. सदोम नगराचा नाश होणार असे कळताच अब्राहाम ईश्वरापुढे उभा राहतो आणि विचारतो की, नगरात पन्नास नीतिमान असतील तर दुष्टांबरोबर त्यांचाही नाश करणार काय? सर्व जगाचा न्यायाधीशच जर न्याय करणार नाही, तर मग न्याय कोठे पाहावा, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. मग तो पन्नासांवरून पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस असा उतरत दहांवर येतो, आणि ईश्वर प्रत्येक वेळी होकार देतो. म्हणजे ईश्वराच्या न्यायास मनुष्याच्या न्यायबुद्धीने प्रश्न विचारणे हे नास्तिक्य नसून त्या शास्त्राच्या आद्य पुरुषाचेच आचरण आहे. नीळकंठशास्त्र्यांनी जे विचारले ते अब्राहामाने आधीच विचारलेले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

४

आता दंड व शिक्षा. दंड म्हणजे मूळची काठी; पुढे ती धारण करणाऱ्या राजसत्तेचे कर्म. शिक्षा हा शब्द याच्या अगदी उलट कुळातला. पाणिनीय धातुपाठात शिक्ष् हा धातू विद्याग्रहणाच्या अर्थी दिला आहे. आधुनिक व्युत्पत्तिकार तो शक् धातूचे इच्छार्थक रूप समजतात, म्हणजे समर्थ होण्याची इच्छा करणे. वेदांगांतील पहिले अंग ‘शिक्षा’ ते याच अर्थाने. मराठीत मात्र हा शब्द विद्येच्या मंदिरातून निघून तुरुंगाच्या दारात येऊन उभा राहिला. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत १८५७ सालीच, म्हणजे चौपाटीवरील सभांच्या वर्षीच निघाली. तीत या शब्दाचे विद्या व शासन असे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत.

योगायोगाची गोष्ट अशी की, हिब्रू ‘मुसार’ व ग्रीक ‘पायदेया’ या शब्दांचीही हीच अवस्था आहे. दोहोंत शिकविणे आणि ताडन करणे हे अर्थ एकत्र नांदतात. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात बाप जसा पुत्रास वळण लावतो तसे ईश्वराचे ताडन समजावे, असा उपदेश आहे. योनाच्या पुस्तकाचे तर सारे तात्पर्यच हे आहे. निनवे नगराचा नाश होणार असे योना सांगतो. नगर पश्चात्ताप करते. ईश्वर दंड मागे घेतो. आणि आपले भविष्य खोटे ठरले म्हणून योना रागावतो! तेव्हा ईश्वर त्यास त्या नगरातील एक लाख वीस हजारांवर अजाण जीवांची, आणि गुराढोरांचीही, आठवण देतो. शिक्षेचा हेतू सुधारणा असेल तर सुधारणा झाल्यावर शिक्षा उरत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

यहेज्केल या संदेष्ट्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. बापाचे पाप मुलाच्या माथी येते अशी लोकांत म्हण होती, आणि निर्गमाच्या पुस्तकात तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पापाचा झाडा घेण्याची भाषाही आहे. यहेज्केलने ती म्हण मोडीत काढली. ज्याचे कर्म त्याचेच फळ. आणि दुष्टाच्या मरणात ईश्वरास संतोष नसून त्याच्या परतण्यात आहे, असा त्याच्या उपदेशाचा सारांश आहे. यावरून हे शास्त्र एका काळी एका हाताने लिहिलेले नसून त्यात न्यायकल्पनेची वाढ झालेली दिसते, हेही लक्षात येईल.

परंतु प्रत्येक दुःख म्हणजे शिक्षाच काय? येथे ईयोबाचे पुस्तक ‘नाही’ असे उत्तर देते. ईयोबाचे मित्र त्याच्या आपत्तीवरून त्याचे पाप अनुमानाने सिद्ध करू पाहतात, आणि अखेरीस ईश्वर ईयोबास नव्हे तर त्या मित्रांस दोष देतो. योहानाच्या शुभवर्तमानात तर नीळकंठशास्त्र्यांचा तिसरा आक्षेप जसाच्या तसा उभा आहे. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्य विचारतात की, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पक्ष नाकारतो. तसेच शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमेतील इतरांहून अधिक पापी नव्हती, असे तो लूकच्या शुभवर्तमानात सांगतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा भयंकर स्फोट होऊन शेकडो माणसे दगावली. अशा वेळी हे कोणत्या पापाचे फळ, हा प्रश्न कोठे ना कोठे निघतोच. त्यास या शास्त्राचे उत्तर असे की, मेलेल्यांचा हिशेब करू नका. वाचलेल्यांनी आपले आचरण तपासावे.

५

उरला नरक. या एका शब्दात मूळचे निरनिराळे शब्द मिसळून वाचले गेल्याने विशेष घोटाळा झाला आहे. जुन्या करारातील ‘शेओल’ म्हणजे मृतांचे अंधारे स्थान. तेथे सज्जन व दुर्जन दोघेही जातात, आणि मराठी भाषांतरात त्यास ‘अधोलोक’ हा शब्द योजिला आहे. ग्रीक ‘हादेस’ त्याचाच प्रतिशब्द. ‘गेहेन्ना’ मात्र निराळे आहे. यरुशलेमेच्या दक्षिणेस हिन्नोम नावाची दरी आहे. तेथे पूर्वी मोलख दैवतास मुले अग्नीत अर्पण केली जात, यास्तव यिर्मयाने त्या दरीस शाप दिला. कालांतराने त्या दरीचे नाव दुष्टांच्या दंडस्थानास मिळाले, आणि मराठीत त्याचे ‘नरक’ झाले. ती दरी नगराचा केर जाळण्याची जागा होती असे पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. परंतु ही माहिती मध्ययुगीन टीकाकारांपासून चालत आली आहे, प्राचीन ग्रंथांत तिला आधार नाही. ज्या जागी माणसांनी निरपराध मुले जाळली तीच जागा ईश्वरी कोपाचे चिन्ह व्हावी, यात जो अर्थ आहे तो केराच्या कल्पनेत नाही.

आता वादाचे मर्मस्थान पाहू. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम निवाड्याचे वर्णन आहे. मेंढपाळ मेंढरे व शेरडे वेगळी करतो तशी राष्ट्रे वेगळी केली जातात. ग्रीकमध्ये न्यायास ‘क्रिसिस’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ निवडणे, वेगळे करणे. संस्कृतात याच्या सर्वांत जवळचा शब्द दंड नसून ‘विवेक’ होय, कारण विच् धातूचाही अर्थ वेगळे करणे असाच आहे. आणि येथे विवेकाची कसोटी कोणती? भुकेल्यास अन्न दिले काय, परक्यास घरात घेतले काय, रोग्याची व बंदिवानाची विचारपूस केली काय. त्या प्रसंगात मताची परीक्षा नाही, कृतीची आहे.

निकालात मात्र एकांस सार्वकालिक जीवन व दुसऱ्यांस सार्वकालिक शिक्षा सांगितली आहे. मूळ शब्द ‘कोलासिस आयोनिओस’ असे आहेत. ‘कोलासिस’ म्हणजे आवर घालणे, सुधारण्यासाठी केलेले शासन. सूडाच्या दंडास ग्रीकमध्ये ‘तिमोरिया’ असा दुसरा शब्द आहे, आणि ॲरिस्टॉटलने या दोहोंतील भेद स्पष्ट केला आहे. नव्या कराराच्या काळी हा भेद नेहमीच पाळला जाई असे मात्र नाही. ‘आयोनिओस’ हे विशेषण ‘आयोन’ म्हणजे युग या शब्दापासून झाले आहे. त्याचा अर्थ ‘अंतहीन’ असा घ्यावा, की ‘येणाऱ्या युगाचे’ असा घ्यावा, यावर सारा वाद अवलंबून आहे.

यावरून ख्रिस्ती आचार्यांत प्राचीन काळापासून तीन पक्ष झाले. तिसऱ्या शतकातील ओरिगेन आणि चौथ्या शतकातील निस्साचा ग्रेगरी यांच्या मते अग्नी शुद्धीसाठी आहे व शेवटी सर्व जीव ईश्वराकडे परततात. ऑगस्टिनने याचे खंडन केले : एकाच वाक्यात जीवन व शिक्षा यांस एकच विशेषण आहे, तेव्हा जीवन अंतहीन मानावयाचे व शिक्षा सांत मानावयाची हे कसे जुळेल? ही कोटी बळकट आहे, आणि पाश्चात्त्य चर्चमध्ये हाच पक्ष रूढ झाला. ओरिगेनच्या मताचा तर ५५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या सुमारास निषेधही झाला. तिसऱ्या पक्षाच्या मते प्रकटीकरणात ज्यास दुसरे मरण म्हटले आहे ते म्हणजे अंतहीन यातना नसून नाश होय. मुंबईस आलेले बहुतेक पाद्री दुसऱ्या पक्षाचे होते. म्हणून आपल्या लोकांस तोच एक पक्ष म्हणजे संपूर्ण ख्रिस्ती शास्त्र असे वाटले. उलटपक्षी, नित्यनरक ही कल्पना सर्वस्वी परकीय होती असेही नाही. आपल्याकडे मध्वाचार्यांनी तमोयोग्य जीवांस कायमचे अंधतम सांगितले आहे, हे वादात कोणी आठविलेले आमच्या पाहण्यात नाही.

६

आता तीन आक्षेपांकडे परतू.

अज्ञानाच्या आक्षेपास शास्त्रात उत्तर आहे असे आम्हांस वाटते. धन्याची इच्छा ठाऊक असून न करणाऱ्या चाकरास फार फटके व ठाऊक नसणाऱ्यास थोडे, असा दृष्टान्त लूकमध्ये आहे. ज्यांस नियमशास्त्र मिळाले नाही त्यांचा न्याय त्यांच्या अंतःकरणात लिहिलेल्या धर्माप्रमाणे होईल, असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे. अधिकारभेद हे तत्त्व आपल्यास नवे नाही. सुबाजी बापूंनी तर म्यूरसाहेबास उत्तर देताना निरनिराळ्या लोकांस निरनिराळे धर्म ईश्वरानेच दिले असल्यामुळे ज्याने त्याने आपलाच पाळावा, असा उदार पक्ष घेतला होता.

वैषम्याच्या आक्षेपास मात्र शास्त्र उत्तर देत नाही. ते प्रश्नच बाजूस सारते. येथे दोन परंपरांत खरा भेद आहे आणि तो शब्दांनी मिटणारा नाही. कर्मसिद्धान्त जगातील प्रत्येक अश्रूचा हिशेब देतो, पण त्याची किंमत अशी की जन्मांधाच्या माथी कोणत्या तरी विस्मृत पापाचा दोष येतो. ख्रिस्ती शास्त्र जन्मांधास निर्दोष म्हणते, पण त्याची किंमत अशी की तो आंधळा का, हे शेवटपर्यंत कळत नाही. यांपैकी कोणती किंमत मोठी हे ज्याचे त्याने ठरवावे.

पहिला, प्रमाणाचा आक्षेप, हा सर्वांत प्रबळ. अपराध अनंत ईश्वराचा, म्हणून तो अनंतच होय, ही अकराव्या शतकाच्या अखेरीस ॲन्सेल्मच्या ग्रंथात मांडल्या गेलेल्या विचारसरणीची कोटी बुद्धीस पटो वा न पटो, न्यायबुद्धीस स्वस्थ करीत नाही. आणि म्हणूनच हा आक्षेप पुढे खुद्द ख्रिस्ती लोकांतच उठला. १८५३ साली फ्रेडरिक मॉरिस यांस नित्यदंडाविषयीच्या मतांमुळे लंडनच्या किंग्ज कॉलेजातील अध्यापकाची जागा सोडावी लागली. १८७८ साली फ्रेडरिक फॅरार यांचे ‘अनंत आशा’ अशा अर्थाच्या नावाचे प्रवचनांचे पुस्तक निघून मोठी खळबळ उडाली. हे फॅरार ऑगस्ट १८३१ मध्ये मुंबईच्या कोटात एका मिशनऱ्याच्या घरी जन्मले होते. म्हणजे मोरभट व विल्सन यांचा वाद झाला त्याच वर्षी. तसेच १८४७ साली मुंबईत जन्मलेले व अहमदनगरास काम करणारे अमेरिकन मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांनी १८८६ साली स्वदेशी गेले असता, ज्यांस या जन्मी ख्रिस्त कळला नाही त्यांस मरणोत्तर संधी मिळू शकेल या मताकडे सहानुभूती दाखविली. त्यावरून त्यांच्या मंडळाने त्यांस परत पाठविण्यास हरकत घेतली. पुढल्या वर्षी मात्र ते परत आले. या दोघांच्या मतांस मुंबईतील वादच कारण झाले असे आम्ही म्हणत नाही. परंतु दोन आक्षेप ज्या नगरात व ज्या भाषेच्या प्रदेशात घुमत होते, तेथेच जन्मलेल्या दोन पाद्र्यांनी ते आपल्या लोकांपुढे नेऊन ठेवावे, हा नुसता योगायोग म्हटला तरी मनन करण्यासारखा आहे.

आणि नेहेम्या गोरे? बाप्तिस्म्यानंतरही नित्यदंडाच्या प्रश्नाने त्यांस दीर्घकाळ अस्वस्थ ठेवले. ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) लिहून ज्यांनी आपल्या पूर्वीच्या सर्व दर्शनांचे खंडन केले, त्यांस आपलाच विशीतला आक्षेप पूर्णपणे खोडता आला नाही. १८९५ साली मुंबईतच त्यांचा अंत झाला. तरुणपणीचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ १९५१ साली उज्जयिनीहून छापून निघाला. धर्म बदलला, ग्रंथ बदलले, मित्र बदलले. प्रश्न बदलला नाही. यात त्यांचा कमीपणा आम्हांस दिसत नाही. उलट, शुद्ध न्यायबुद्धी ही कोणत्याही पंथाची मिरास नसून तो बदलताना मनुष्याबरोबर चालत राहते, याचे ते उदाहरण होय.

७

समारोपादाखल एक स्वानुभव सांगण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेस मनाई केली. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा छडी हे शिक्षकाचे उपकरण समजले जाई. एकदा वर्गात कोणी तरी फळ्यावर वेडेवाकडे लिहिले. विचारले असता कोणी कबूल होईना, म्हणून आम्ही सबंध वर्गास ओळीने छडी दिली. शेवटच्या बाकावरील एका मुलाने निमूटपणे हात पुढे केला, छडी खाल्ली, आणि मग विचारले, “सर, मी आज पहिल्या तासाला नव्हतोच. मग माझं काय चुकलं?” आम्हांस उत्तर सुचले नाही. त्यास गप्प बसविले, एवढेच केले.

उत्पत्तीचा तो अठरावा अध्याय पुष्कळ वर्षांनी प्रथम वाचला तेव्हा आम्हांस तो मुलगा आठवला. अब्राहामाने ईश्वरास जे विचारले तेच त्याने आम्हांस विचारले होते. भेद इतकाच की, तेथे ईश्वराने प्रश्न ऐकून घेतला, प्रत्येक वेळी उत्तर दिले, आणि विचारणाऱ्यास गप्प बसविले नाही. चौपाटीवरील त्या वादात कोण जिंकले याचा निर्णय त्या काळी दोन्ही पक्षांनी आपापल्या पुस्तकांत आपापल्या बाजूने करून ठेवला आहे. आम्हांस मात्र असे वाटते की, दंडाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक शास्त्राची, राज्याची आणि शाळामास्तरचीही परीक्षा एकाच ठिकाणी होते : ज्यास दंड होणार आहे त्याचा प्रश्न तेथे ऐकून घेतला जातो की नाही.